तळ्यात बीज किती सोडलं ते सगळे सांगतात. आईबाप किती होते?

कंदरकर
सोमवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी मूळचा करमाळा तालुक्यातल्या कंदरचा, म्हणजे उजनीच्या पाण्याकडेचा. हल्ली मुक्काम सोलापुरात आणि शेती मोहोळच्या बाजूला. तिथं एक शेततळं आहे. तीन वर्षांपूर्वी त्यात रोहू-कटला सोडायला लागलो. पहिल्या साली बरं निघालं. दुसऱ्या साली दुसऱ्याच एका हॅचरीतनं पाच हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली (नाव घेत नाही, माणूस वाईट नाही). पाणी तेच, शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा तोच, तळंही तेच. दहा महिन्यांनी जाळं ओढलं तर आदल्या साली पाऊण किलो भरलेला रोहू यंदा साडेतीनशे ग्रॅमवर अडकलेला. शंभरात चार-पाच तर पाठीत वाकलेले. बाजारात व्यापाऱ्यानं ते उचलून बाजूला टाकले आणि भाव सगळ्याच मालाचा पाडला.

हॅचरीवाल्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न : "मोजून कमी आले का? मी तर हजारामागं शंभर जास्तच घातले होते." म्हटलं, मोजणी बरोबर आहे, पण ह्या पिल्लांचे आईबाप किती होते? त्याला प्रश्नच कळेना. मग हसून म्हणाला, "चार माद्या, चार नर. घरचंच बीज. दहा वर्षं ह्यांच्याच पोटचं राखून चालवतोय, बाहेरचा मासा आणत नाही, रोगराई नको."

त्याला हे अभिमानाचं वाटत होतं. मलाही त्या क्षणी बरोबरच वाटलं. नंतर थोडं वाचलं आणि झोप उडाली.

हिशोब असा. रोहूची मादी किलोमागं एक-दोन लाख अंडी देते. अडीच किलोच्या चार माद्या म्हणजे दहा लाखांच्या वर अंडी. म्हणजे अख्ख्या तालुक्याची शेततळी भरतील एवढं बीज आठ माशांतून निघतं. गाय असती तर आठ जनावरांवर तालुका चालला नसता, लोकांच्या लक्षात आलं असतं. मासा एवढा लेकुरवाळा आहे म्हणूनच त्याच्यात हा घोळ लपून राहतो.

आता नात्याचं गणित. समजा नर-मादी सारखे आणि एकूण आठ. मग दर पिढीला जवळच्या नात्यातला संकर (म्हणजे आईकडून नि बापाकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक येण्याची शक्यता) वाढतो तो एक भागिले दोन गुणिले आठ, म्हणजे सोळावा हिस्सा, ६.२५ टक्के. हा सोळावा हिस्सा ओळखीचा आहे का? आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न लागतं, त्या जोडप्याच्या मुलाचा आकडा हाच. म्हणजे हॅचरीतली प्रत्येक पिढी आतेमामेभावंडांत सोयरीक केल्यासारखी, आणि हे साठत जातं. रोहू दोन वर्षांत अंड्यावर येतो. दहा वर्षांत पाच पिढ्या धरल्या तर बेरीज २७-२८ टक्क्यांवर जाते. सख्ख्या भावाबहिणीच्या पोटी येणाऱ्या जिवाचा आकडा २५ असतो.

शेततळ्याचं एक वेळ सोडा, माझं नुकसान झालं, मी बघून घेईन. पण दर पावसाळ्यात उजनीत, हिप्परग्याच्या तलावात, गावोगावच्या पाझर तलावांत बीज सोडतात. फोटो येतो, बातमी येते, "इतके लाख बीज सोडले". त्या बातमीत आईबापांचा आकडा मी आजवर एकदाही वाचला नाही. नदीतल्या मूळ माशांचं ह्यानं काय होतं? आणि भीमेला एवढ्या ठिकाणी अडवल्यावर वरचा मासा नि खालचा मासा एकच राहिला का? जाणकारांनी सांगावं.

---

सोलापुरी_चादर
सोमवार, रात्री १०:०५

काय लिहूलालाव बे कंदरकर! चिलापी फ्रायची रेसिपी आसंल म्हणून आत आलो, तर हितं सोयरीक जुळवायचं चालूय. रोहूची पत्रिका बघून सोडत जा की पाण्यात. सगोत्र आहे का बघायचं, नाडी बघायची.

(मस्करी सोडा. मामाच्या पोरीचं उदाहरण डोस्क्यात बसलं. आमच्या पूर्वभागात तर मामा-भाचीचंबी लग्न होतंय, त्याचा आकडा किती?)

---

कंदरकर
सोमवार, रात्री १०:११

दुप्पट. आठवा हिस्सा, साडेबारा टक्के.

---

शंकेखोर
सोमवार, रात्री ११:३०

धागा वाचनीय आहे, पण दोन ठिकाणी घाई झाली आहे असं वाटतं.

एक, वाकडी पाठ दिसली की लगेच नात्यातला संकर, हे बरोबर नाही. खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलं तरी माशाची पाठ वाकते. वाढ खुंटायला तर शंभर कारणं : दाटी, प्राणवायू, पाण्याचं तापमान. तुम्ही दोन वेगळ्या वर्षांची तुलना करताय. एका तळ्यात मध्ये जाळी लावून दोन्ही हॅचरींचं बीज एकाच साली वाढवलं असतं तर काही म्हणता आलं असतं.

दोन, आणि हा माझा मुख्य मुद्दा. जनुकांची विविधता नसेल तर मासा संपतो, असा तुमचा रोख आहे. मग चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं, काय? हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला, तोही मूठभरच. आज उजनीच्या काठाला कुठल्याही हॉटेलात बसा, ताटात तोच येतो. जवळच्या नात्यातला असूनही त्यानं धरण जिंकलं की नाही?

---

डोहातली
मंगळवार, सकाळी ७:१५

मत्स्यशास्त्रात एम.एस्सी. केलं, पुढं काही वर्षं माशांच्या जनुकांवरच काम केलं. आता शाळेत शिकवते, त्यामुळं लांबण लावायची सवय आहे.

शंकेखोर, तुमचा पहिला मुद्दा मान्य. कंदरकर, एका तळ्यावरून निकाल देऊ नका. पण तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. आपल्या शेजारी कर्नाटकातल्या कार्प हॅचरींचा हिशोब १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात नात्यातल्या संकराचा वेग वर्षाला २ पासून १७ टक्क्यांपर्यंत निघाला. १७ हा आकडा ऐकून अतिशयोक्ती वाटेल, पण तिथं पोचणं फार सोपं आहे. हौदात आठ मासे असले म्हणजे आठांचाही वाटा सारखा पडतो असं नाही. समजा चार माद्या आहेत आणि एकाच दांडग्या नराचं दूध (वीर्य) सगळ्या अंड्यांना लागलं. मग हिशोब चार गुणिले माद्या चार गुणिले नर एक, भागिले एकूण पाच, म्हणजे ३.२. दिसायला पाच-आठ मासे, जनुकांच्या दृष्टीनं तीनच. संकर पिढीला साडेपंधरा टक्के. ह्या आकड्याला आम्ही 'परिणामकारक संख्या' म्हणतो आणि सगळी मेख तिच्यात आहे. तळ्यात लाख मासे पोहत असतील, परिणामकारक संख्या दहा असू शकते.

आता चिलापी. प्रश्न चांगला आहे, परीक्षेत विचारण्यासारखा. समजा दहाच मासे आणले. त्या दहांत मूळ कळपातली ९५ टक्के विविधता येते (एकातून एक भागिले वीस वजा). लोकांना हे पटत नाही, पण गणित तसंच आहे. जातात ती दुर्मीळ जनुकरूपं, हजारात एखाद्याकडं असणारी. नुकसान एका झटक्यानं फारसं होत नाही, ते होतं संख्या पिढ्यान्‌पिढ्या लहान राहिल्यावर. चिलापी आली आणि भराभर वाढली. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातनं अनेकदा विते, शेवाळापासून उष्ट्यापर्यंत काहीही खाते. शिवाय तिलापियाच्या वेगवेगळ्या जाती आपसात सहज मिसळतात, म्हणजे बाहेरून पुन्हा नवं रक्त. तुमच्या हॅचरीवाल्याच्या आठ माशांना यातलं काहीच मिळत नाही, दर पिढीला ते पुन्हा आठच असतात.

आणि चिलापी जिंकली म्हणजे कायमची जिंकली, असं समजू नका. तिलापिया लेक व्हायरस म्हणून एक रोग आता जगभर फिरतोय, भारतातही सापडलाय. एकसारख्या कळपात असा रोग शिरला की कोण वाचणार हे विविधतेवर ठरतं. खरी परीक्षा त्या दिवशी असते.

आता कंदरकर तुमच्याकडं. तुम्ही दोन प्रश्न एका पोत्यात भरलेत. रोहू, कटला, मृगळ हे भीमेचे मासे नव्हेत. ते गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधूच्या खोऱ्यातले. त्यांची रानटी विविधता उत्तरेत आहे, उजनीत नाही. तुमच्या रोहूचा प्रश्न हा बियाण्याचा प्रश्न आहे, ज्वारीच्या बियाण्यासारखा. भीमेच्या मूळ माशांचा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते जास्त मोठा. त्यावर संध्याकाळी लिहिते, आता पहिली घंटा होईल.

---

भोयाचा_पोर
मंगळवार, दुपारी १:४०

ताई बरोबर बोलल्या. आम्ही उजनीवर पिढीजात मासेमारी करतो. म्हणजे आजा नदीवर करायचा, बाप आणि मी धरणावर. आजा सांगायचा, धरणाच्या आधी पावसाळ्याचं पहिलं लाल पाणी आलं की मासा वर चढायचा, रात्रभर माणसं पाण्यात उभी असायची. आता पाण्याला चढच नाही, सगळं सपाट. शिंगाळा आहे अजून, वाम आहे, मरळ हाय पण कमी. बाकी जाळ्यात येतं ते चिलापी, चिलापी, चिलापी. चार-पाच नावं अशी आहेत की मला फक्त आज्याच्या तोंडची माहीत, मासा कधी बघितला नाही.

त्यात वडाप (बारीक जाळीचं जाळं) लावून बोटाएवढं पिल्लू उचलणारे आहेत. त्यांना काही बोललं की आम्हीच वाईट.

---

सोलापुरी_चादर
मंगळवार, दुपारी २:०२

भोयाचा_पोर, ती नावं लिहून ठेव भावा. कागदावर.

---

आप्पा_टेंभुर्णी
मंगळवार, सायं ५:२०

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेले. मासे खाण्यापुरतेच कळतात, पण 'नदी अडवली' यात थोडी दुरुस्ती सुचवतो.

उजनीचे काम १९६९ ला सुरू झाले व १९८० ला धरण पुरे झाले. भिंत ५६ मीटर उंच, साठा ११७ टीएमसी. खालून वर मासा जाण्याचा प्रश्नच नाही. पण वरून खाली? पुराच्या वेळी सांडव्याचे दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासेही खाली येतात. काही मरतात, सगळे नाही. म्हणजे रस्ता एकेरी झाला, बंद नाही.

खाली नरसिंगपूरला नीरा मिळते. पुढे पंढरपूर, मग औज आणि चिंचपूरचे बंधारे, हत्तरसंग-कुडलला सीना. हे बंधारे धरणासारखे नव्हेत. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढतात व पाणी उतरल्यावर घालतात. मासा अंड्यावर येऊन वर चढतो तो नेमका फळ्या काढलेल्या दिवसांत. तेव्हा धरण आणि बंधारा एका मापाने मोजू नये, ही विनंती.

जाता जाता : हत्तरसंग-कुडलला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. संगमावर गेलात तर तो पाहिल्याशिवाय परतू नका. मासे काय, मंडईतही दिसतात.

---

डोहातली
मंगळवार, रात्री ८:४५

आप्पा, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. फळ्यांचा मुद्दा फार मोलाचा, कारण त्याला आमच्या शास्त्रात थेट उत्तर आहे. दोन कळप वेगळे पडू नयेत यासाठी ढोबळमानानं पिढीला एक नवखा जीव पलीकडून येऊन इथं वाढला तरी बरंचसं भागतं. टक्के नाही, एक जीव, मग कळप शंभराचा असो की दहा हजारांचा. त्यामुळं औजच्या बंधाऱ्याच्या वरचा मासा नि खालचा मासा वेगळा निघेल असं मला वाटत नाही. दर पुरात एक नाही, हजारो येजा करत असतील.

धरणाचं तसं नाही. वरून खाली येणं चालू, खालून वर बंद. म्हणजे खालच्या कळपाला वरची जनुकं मिळत राहतात, वरच्याला खालची कधीच नाहीत. आणि वरच्याही मुळा, मुठा, इंद्रायणी, घोड ह्या उपनद्यांवर धरणं आहेतच, तिथले कळप आणखी लहान.

किती वेगळे झाले असतील? १९८० पासून पंचेचाळीस वर्षं धरा, तीन वर्षांची एक पिढी, म्हणजे पंधरा पिढ्या. कळपाची परिणामकारक संख्या ५०० असेल तर आजवर फरक दीडेक टक्का पडला असेल. पटकन सापडणारसुद्धा नाही. ५० असेल तर १४ टक्के, तो ठळक दिसतो. म्हणजे 'धरणानं मासे तोडले का' ह्या प्रश्नाचं उत्तर जातीगणिक वेगळं. ढिगानं असलेल्या माशात काही दिसणार नाही, भोयाचा_पोरच्या आज्याच्या यादीतल्या माशात खूप दिसेल. जो आधीच कमी, त्यालाच भिंत जास्त नडते.

समुद्रातल्या माशांशी तुलना केली की हे समजतं. १९९४ मध्ये अनेक जातींचे आकडे एकत्र करून पाहिले होते. सागरी माशांत एकूण विविधतेपैकी सुमारे ६ टक्केच 'हा कळप विरुद्ध तो कळप' अशी वाटलेली असते. गोड्या पाण्यातल्या माशांत सुमारे २२ टक्के. बांगड्याला अख्खा अरबी समुद्र मोकळा, भीमेच्या माशाला गोदावरीत जायचं तर मध्ये बालाघाटचे डोंगर. नदीचा मासा मुळातच वाड्या-वस्त्यांत राहणारा. एक नदी सुकली, तर तिच्यापुरतं जे होतं ते गेलं, दुसरीकडनं भरून निघत नाही.

आणि भोयाचा_पोर, तुमच्या आज्याच्या नावांबद्दल. १८२० च्या दशकात कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी पुणे-शिरूर-चाकण भागात फिरून मासे गोळा करत होता. त्यानं १८३९ मध्ये त्यांना जी शास्त्रीय नावं दिली, ती कुठून घेतली? तुमच्यासारख्यांच्या पणज्याच्या तोंडून. खुद्री, कोलस, पोटेल, नुक्ता, शिंगाळा. तुमच्या जाळ्यातल्या शिंगाळ्याचं नाव आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत 'सीनघाला' असंच लिहितात. नुक्ता हा नाकावर शिंगासारखा उंचवटा असलेला कृष्णा खोऱ्यातला मासा, साइक्सला तो चाकणजवळ इंद्रायणीत मिळाला. आज तो धोक्यातल्या यादीत आहे. खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, मुळा-मुठेचा. त्या मुळा-मुठेतून आज उजनीत काय येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

---

सोलापुरी_चादर
मंगळवार, रात्री ९:००

नको, जेवून बसलोय.

---

गळ_टाकून
मंगळवार, रात्री ११:१८

महसीरचा विषय निघालाच आहे म्हणून. मी गळाचा शौकीन (पकडून सोडतो, खात नाही, घरचे वेड्यात काढतात).

'चांगल्या हेतूनं बीज सोडलं' ह्याची मला माहीत असलेली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच खोऱ्यातून सुरू होते. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून खुद्री महसीरची पैदास केली जाते. मासा नामशेष होऊ नये हा हेतू, आणि पैदास जमवणं सोपं काम नव्हतं. तिथलं बीज देशभर गेलं, कावेरीतही.

कावेरीत मात्र स्वतःचा महसीर होता. पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी. गळवाल्यांच्या तळांवर पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या जात, त्यातून नंतर लक्षात आलं की निळ्या परांचा खुद्री वाढत चाललाय आणि कुबडवाला दिसेनासा झालाय. त्या कुबडवाल्याला धड शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. ते नक्की झालं २०१८ मध्ये, तोवर तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आला होता. पाहुणा आला तेव्हा घरच्याचं नावही कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

आपल्या भीमेचा मासा तिकडं घुसखोर ठरला. इकडं त्याच्या स्वतःच्या मुळा-मुठेत तो शोधून दाखवा.

---

शंकेखोर
बुधवार, सकाळी ९:१०

कावेरीचं उदाहरण बिनतोड. पण मग निष्कर्ष काय? बीज सोडूच नये? उजनीवर हजारो कुटुंबं जगतात. 'जनुकीय विविधता' हा शब्द ऐकवून त्यांची चूल पेटत नाही.

---

भोयाचा_पोर
बुधवार, सकाळी ११:३५

शंकेखोर साहेब, बीज सोडायलाच पाहिजे, नाही कोण म्हणतंय. पण आम्ही सोसायटीवाले बीज घेतो तेव्हा दोनच गोष्टी बघतो, भाव आणि डबा. डब्यातली पिल्लं पळती आहेत का, मेलेली किती. कोणाच्या पोटची हे विचारायचं असतं, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. बैल घेताना आपण सात पिढ्या विचारतो.

---

डोहातली
बुधवार, सायं ६:३०

शंकेखोर, चूल ह्याच्याशीच बांधलेली आहे. चांगलं बीज म्हणजे काय याचं आपल्याच देशातलं उदाहरण बघा. १९५७ च्या जुलैत डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्पची अंडी तळ्यातच मिळवून दाखवली. १० जुलै त्यासाठीच मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तोवर बीज नदीतून धरून आणायचे. त्यात भेसळ असायची, कष्ट असायचे, पण आईबाप हजारो असायचे! इंजेक्शननं नदीची गरज संपवली आणि त्याबरोबर आईबापांची संख्याही हौदापुरती आली. शोध मोठाच होता, त्याची ही बाजू कोणाच्या ध्यानात यायला वेळ लागला, एवढंच.

मग भुवनेश्वरच्या संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं १९९० च्या दशकात उलटा रस्ता धरला. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज, गोमती अशा पाच नद्यांतला रोहू आणला, हॅचरीतल्याशी मिसळला, आणि मग कुटुंबवार नोंद ठेवून निवड केली. पिढीमागं वाढ सुमारे १७ टक्क्यांनी सुधारली. तोच 'जयंती रोहू', १९९७ साली स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात दिला म्हणून जयंती. निवड करायला आधी विविधता हातात लागते. एकाच घराण्यातून निवडायचं म्हटलं तर निवडणार काय?

लहान हॅचरीवाल्यानं एवढं करायला नको. त्यानं शेजारच्या हॅचरीशी दोन-तीन वर्षांनी नर बदलून घ्यावेत. हौदातले सगळे मासे वापरात येतील असं बघावं, दांडग्या दोघांवर काम भागवू नये. आणि एक वही ठेवावी. तीस नर, तीस माद्या ठेवल्या तर पिढीमागचा संकर एक टक्क्याच्याही खाली येतो. खर्च वाढतो तो जास्तीचे मासे पोसण्याचा.

एक सावधगिरी. नर बदलताना रोहू आणि कटला एकाच गोल हौदात एकदम घालणारे असतात, जागा वाचते म्हणून. त्यातनं रोहू-कटल्याचा संकर निघतो. तो वांझ नसतो, पुढं त्याचीही पैदास होते आणि दोन्ही जाती गढूळ होतात.

---

कंदरकर
बुधवार, रात्री १०:२५

आज हॅचरीवाल्याकडं जाऊन आलो. भांडायला नाही, डोहातली ताईंचा हिशोब एका कागदावर लिहून नेला होता. मामाच्या पोरीचं उदाहरण त्यालाही लगेच कळलं. चहा पाजला. म्हणाला, "बाहेरचा मासा आणला आणि रोग आला तर? तू भरून देणार का?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी एवढं ठरलं की यंदा बाहेरचे सहा नर आणायचे, तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचे, मगच हौदात. टाकीचा निम्मा खर्च माझा. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आणि शंकेखोरांचं ऐकून तळ्यात मधोमध जाळी टाकतोय. एका बाजूला ह्याचं बीज, दुसरीकडं दुसऱ्याचं. पुढच्या दिवाळीला वजनं इथंच टाकतो.

दुसरं. भीमेच्या माशांचं आपण एवढं बोललो, तर नमुने गोळा करता येतील का? ताई, तुमच्या ओळखीत कोणी तपासून देईल?

---

डोहातली
गुरुवार, सकाळी ६:५०

माझ्या जुन्या मार्गदर्शक बाईंना विचारते. करतील असं वाटतं, नमुने नीट असले तर. आधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कानावर घालूया, मी अर्ज लिहून देते. बाकी असं :

जात शिंगाळा घ्या. बाजारात मिळतो, सगळे ओळखतात आणि त्याचं बीज आपल्याकडं कोणी सोडत नाही, त्यामुळं जे दिसेल ते नदीचंच. फक्त मिशा बघा. मिशी पार शेपटीच्या मुळापर्यंत पोचली तर ती वेगळी जात आहे, तिचा नमुना निराळा ठेवा.

जागा चार : धरणाच्या वर कंदर, खाली पंढरपूरच्या पुढं, हत्तरसंग-कुडलचा संगम, आणि सीनेवर लांबोटी. प्रत्येक ठिकाणचे तीस. सगळे एका जाळ्यातले नकोत, नाहीतर एकाच मादीची पिल्लं तीसदा मोजाल.

मासा मारायची गरज नाही. शेपटीच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कात्रीनं काढा, मासा परत सोडा किंवा विका. तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल ओतून नवं घाला. दर माशानंतर कात्री पुसून घ्या. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. पेनानं लिहाल तर शाई विरघळून सगळं पुसलं जाईल, माझं एक अख्खं वर्ष तसं गेलंय.

---

भोयाचा_पोर
गुरुवार, सकाळी ८:१५

कंदरचे तीस माझ्याकडं लागले. रविवारी पहाटे पाचला जाळं काढतो, कोणाला यायचं असेल तर या. पंढरपूरला मेव्हणा आहे, त्याला सांगतो. आणि यादी लिहिली कागदावर. सात नावं निघाली, आत्याला आणखी दोन आठवली.

---

आप्पा_टेंभुर्णी
गुरुवार, सकाळी ९:०५

कुडलला मी गाडी घेऊन येतो. शिलालेख दाखवीन, मग मासे.

---

सोलापुरी_चादर
गुरुवार, सकाळी ९:२०

लांबोटी माझ्याकडं. चिवडा आणायला जायचंच होतं. ताई, अल्कोहोलचं तेवढं सांगा, दुकानातली चालतीय का?

---

डोहातली
गुरुवार, दुपारी १:३०

नाही. ती ४२ टक्क्यांच्या आसपास असते, तुकडा सडेल. रंगकामाचं स्पिरिटही नको, त्यातल्या भेसळीनं डीएनए बिघडतो. मी शुद्ध पाठवते, कंदरकरांच्या पत्त्यावर.

---

सोलापुरी_चादर
गुरुवार, दुपारी १:३४

मोजून पाठवा. कंदरकरच्या बायकोला टाकीचं अजून माहीत नाही, त्यात हे पार्सल.